झोपेत थांबणारा श्वास आणि हजारो रात्रींची वही

मागच्या भागात आपण अंतर्गत कर्जाचं व्याज कसं काढायचं ते बघितलं. आजचा विषय झोपेचा आहे. कुणी म्हणेल, झोपेचं काय सांगायचं, पाठ टेकली की लागते. तसं सगळ्यांचं नसतं. आमच्या प्रभागात बऱ्याच गटांच्या बैठका रात्री जेवणं आवरल्यावर होतात, आणि प्रत्येक गटात एखाददुसरी अशी असते की ठराव वाचून होईपर्यंत ती बसल्या जागी पेंगायला लागते. दिवसभर रानात राबलेली बाई पेंगणारच, त्यात नवल नाही. पण सात-आठ तास झोपूनही जी रोज दमलेलीच उठते, उठल्याबरोबर जिचं डोकं जड असतं, गोळी चालू असून जिचं बीपी खाली येत नाही, तिचं पेंगणं वेगळं असू शकतं. त्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत श्वास थांबणं, इतका साधा त्याचा अर्थ.

होतं असं की झोप लागल्यावर घशातले स्नायू सैल पडतात. काहींच्या घशाची वाट त्यामुळे अरुंद होते, मधूनमधून पुरती बंदच होते. छाती आणि पोट हलत असतं, पण हवा आत जात नाही. १० सेकंद, २० सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू खडबडून जागा होतो, माणूस एक मोठा घोर टाकून श्वास घेतो आणि परत झोपतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. श्वास पूर्ण थांबला किंवा बराच कमी झाला, असं तासात किती वेळा घडलं ते डॉक्टर मोजतात. ताशी ५ ते १५ वेळा असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम, आणि ३० च्या वर तीव्र. ताशी ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. विहिरीचा पंप दर दोन मिनिटांनी बंद-चालू केला तर मोटरीचं काय होईल, ते आपल्याला माहीत आहे.

तपासणी रात्रीची असते. डोक्याला, छातीला तारा चिकटवतात, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. कोविडमध्ये आशाताई घरोघरी घेऊन फिरायच्या, तसलाच तो ऑक्सिमीटर. रात्रभराची पट्टी तयार होते: कधी झोप लागली, कधी श्वास थांबला, ऑक्सिजन किती उतरला, हृदय कसं चाललं. घरी लावून झोपायचं छोटं यंत्रही असतं, त्यात तारा कमी.

आज आम्हाला सांगायचं आहे ते या पट्ट्यांबद्दल. या आजाराविषयी जे कळलं आहे त्यातलं बरंच एकट्या डॉक्टरला त्याच्या खोलीत बसून कळलेलं नाही. हजारो माणसांच्या रात्री एका ठिकाणी जपून ठेवल्या, त्या इतरांना वाचायला दिल्या, तेव्हा कळलं. आणि त्यात बायकांचं काय झालं, हे ऐकण्यासारखं आहे.

वहीचं महत्त्व बचत गटाच्या बाईला वेगळं सांगायला नको. एका गटाची वही उघडली आणि जूनचा हप्ता थकलेला दिसला, तर आपण म्हणतो, ही बाई हप्त्याला कच्ची आहे. ग्रामसंघात चाळीस गटांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं, जूनमध्ये सगळीकडेच हप्ते थकतात, कारण बियाणं आणि पोरांची शाळा एकदमच येते. एका वहीत बाईची चूक दिसते, चाळीस वह्यांत महिना दिसतो. रुग्णांच्या नोंदी एकत्र ठेवून अभ्यास करण्यात हेच आहे, फक्त वह्या लाखोंच्या घरात जाऊ शकतात.

आता पहिली मोठी वही. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. तिथे १९८८ मध्ये टेरी यंग या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य सरकारच्या नोकरदारांचा झोपेचा अभ्यास सुरू केला. तोपर्यंत हा आजार म्हणजे जाड, घोरणाऱ्या पुरुषांचा, अशी समजूत होती. दवाखान्यात येणाऱ्यांत एका बाईमागे आठ-आठ पुरुष असायचे, तेव्हा समजूत पक्कीच होणार. यंगबाईंनी दवाखान्यात न आलेल्या, ३० ते ६० वयाच्या चांगल्या चालत्या-फिरत्या माणसांना एक रात्र झोपवून मोजलं. १९९३ मध्ये ६०२ जणांचा निकाल छापून आला. ताशी ५ किंवा जास्त वेळा श्वास अडणारे पुरुष १०० पैकी २४ निघाले, आणि बायका ९. म्हणजे आठास एक हे प्रमाण गेलं आणि तीनास एकसुद्धा राहिलं नाही. बायकांना आजार होता, त्या दवाखान्यापर्यंत पोचत नव्हत्या. पुढे १९९७ मध्ये त्याच चमूने आणखी एक हिशेब मांडला. मध्यम ते तीव्र आजार असलेल्या पुरुषांपैकी १०० तले ८२ जण तपासणीविना होते, आणि बायकांपैकी ९३.

का पोचत नाहीत, याचं उत्तर आम्हाला आपल्या गावात बसूनही देता येईल. पुरुष घोरला तर घरातल्या बाईची झोपमोड होते, मग तीच त्याला धरून डॉक्टरकडे नेते. बाई घोरते हे सांगायचीच चोरी. ती लेकरांजवळ झोपते, नवरा ओट्यावर नाहीतर रानात राखणीला, मग ऐकणार कोण? शिवाय बायकांमध्ये लक्षणं थोडी वेगळी असतात. मोठ्या घोरण्यापेक्षा थकवा, झोप नीट न लागणं, सकाळची डोकेदुखी, उदास वाटणं, चिडचिड. ही तक्रार घेऊन बाई गेली की रक्त कमी आहे, थायरॉईड आहे, टेन्शन घेता, असं सांगून टॉनिकची बाटली मिळते. रक्त कमी असतंही पुष्कळदा. पण एक आजार असला म्हणजे दुसरा नसतो, असं थोडंच आहे. पाळी गेल्यावर तर बायकांमध्ये या आजाराचा धोका वाढतो, आणि नेमक्या त्याच वयात सगळ्या तक्रारी ‘वय झालं’ या एका खात्यात जमा होतात.

विस्कॉन्सिननंतर आणखी मोठं काम उभं राहिलं. त्याचं नाव स्लीप हार्ट हेल्थ स्टडी, म्हणजे झोप आणि हृदय यांचा अभ्यास. यातली युक्ती बघा. अमेरिकेत हृदयविकाराचे काही मोठे अभ्यास आधीपासून चालू होते. फ्रेमिंगहॅम गावातला तर १९४८ पासून चालू. त्या लोकांचं बीपी, शुगर, वजन, झटके, सगळं वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. नवीन माणसं गोळा करण्याऐवजी त्यांनाच विचारलं, एक रात्र झोपेची तपासणी कराल का? १९९५ ते १९९८ या काळात तंत्रज्ञ संध्याकाळी घरोघरी गेले, तारा लावल्या, सकाळी जाऊन काढल्या. चाळिशीच्या पुढचे ६,४४१ लोक यात आले, आणि त्यात निम्म्याहून थोड्या जास्त बायका होत्या. पुढे कोणाला झटका आला, कोण गेलं, याची नोंद आधीच्या अभ्यासात होतच राहिली.

२००९ आणि २०१० मध्ये मोठे निकाल आले. श्वास जास्त थांबणाऱ्यांत मृत्यू जास्त, पण हा धोका ठळक दिसला तो ७० च्या आतल्या पुरुषांत. ज्यांचा श्वास ताशी ३० किंवा जास्त वेळा अडतो अशा ४० ते ७० वयाच्या पुरुषांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार नव्याने होण्याचं प्रमाण, श्वास नीट असणाऱ्यांपेक्षा ६८ टक्क्यांनी जास्त होतं. बायकांमध्ये असा संबंध दिसला नाही.

इथेच वही मिटली असती तर गोष्ट संपली होती: बायकांच्या हृदयाला यापासून फारसं भय नाही. पण वही मिटली नाही. या अभ्यासातल्या काही लोकांचं रक्त, ज्या मूळ हृदय-अभ्यासातून ते आले होते तिथे, गोठवून ठेवलेलं होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं द्रव्य रक्तात येतं. ते अगदी सूक्ष्म प्रमाणातही मोजता येईल अशी चाचणी नंतर निघाली. मग ८९३ बायका आणि ७५२ पुरुषांच्या त्या जुन्या रात्री, त्यांचं जपलेलं रक्त आणि पुढची साडेतेरा वर्षं असं सगळं जोडून बघितलं. २०१५ मध्ये निकाल छापून आला. आजार जितका तीव्र तितकं ट्रोपोनिन जास्त, हे बायकांमध्ये दिसलं, पुरुषांत नाही. हृदय कमकुवत होणं किंवा मृत्यू, याच्याशीही आजाराचा संबंध बायकांमध्ये दिसला. रात्री त्याच होत्या. दुसऱ्यांदा प्रश्न विचारला तो हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या इजेचा.

आम्हाला हे वाचून पहिल्यांदा वाटलं, मग आधीचे लोक खोटं सांगत होते का? तसं नाही. वेगवेगळ्या प्रश्नांची ती वेगवेगळी उत्तरं आहेत, आणि अजून सगळं मिटलेलं नाही. पण समजा त्या लोकांनी पट्ट्या फेकून दिल्या असत्या आणि ‘ताशी इतक्या वेळा’ एवढा एकच आकडा ठेवला असता, तर दुसरा प्रश्न विचारताच आला नसता. आपण म्हणतो ना, मासिक अहवाल नको, रोजकीर्द दाखवा.

रोजकीर्द असण्याचा आणखी एक फायदा बायकांनाच झाला. श्वास ‘कमी झाला’ असं कधी मोजायचं, याचे दोन नियम आहेत. एका नियमाने ऑक्सिजन ४ टक्के उतरला तरच ती वेळ धरायची. दुसऱ्या नियमाने ३ टक्के उतरला तरी धरायची, किंवा ऑक्सिजन न उतरता नुसती झोप चाळवली तरीही धरायची. बायकांमध्ये श्वास अडण्याची वेळ बहुधा छोटी असते, ऑक्सिजन फार उतरण्याआधीच झोप मोडते. त्यामुळे पहिल्या कडक नियमात बायका गळतात आणि दुसऱ्यात सापडतात. मूळ पट्टी हातात असेल तर तीच रात्र दोन्ही नियमांनी मोजून हा फरक दाखवता येतो, आणि अभ्यासकांनी तो दाखवला आहे. म्हणून तुमचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला आणि त्रास मात्र जात नसेल, तर कोणत्या नियमाने मोजलं, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

नुसत्या मोजणीत काय राहून जातं, हेही याच पट्ट्यांतून पुढे आलं. गटात एखादीचे हप्ते तीनदा थकले, एवढंच लिहिलं तर पुरत नाही. किती रुपये, किती दिवस, हेही लागतं. तसं श्वास किती वेळा थांबला याच्याबरोबर ऑक्सिजन किती खोल गेला आणि किती वेळ खाली राहिला, याचा एकत्र हिशेब २०१९ मध्ये दोन जुन्या अभ्यासांच्या पट्ट्यांवरून काढला गेला. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा अंदाज त्याने नुसत्या मोजणीपेक्षा चांगला बांधता आला. त्या दोनपैकी एक अभ्यास फक्त वयस्क पुरुषांचा होता, हे मात्र लक्षात ठेवावं.

या सगळ्या पट्ट्या आज कुठे आहेत? अमेरिकेत २०१४ मध्ये नॅशनल स्लीप रिसर्च रिसोर्स नावाचा साठा सुरू झाला. डॉक्टर सुझन रेडलाइन यांचा त्यात मोठा वाटा. वेगवेगळ्या अभ्यासांतल्या हजारो रात्री तिथे आहेत. कोणत्याही देशातला अभ्यासक अर्ज करतो, कशासाठी हवं ते लिहितो, कुणाची ओळख शोधायचा प्रयत्न करणार नाही अशा करारावर सही करतो, आणि मग माहिती फुकट मिळते. सगळ्या पट्ट्या एकाच साच्यात ठेवलेल्या असतात, नाहीतर एका यंत्राची भाषा दुसऱ्याला कळायची नाही. आपल्याकडे एका बँकेचं पासबुक दुसऱ्या बँकेच्या छपाई यंत्रात घालून बघा, म्हणजे कळेल.

लहान मुलांचाही एक अभ्यास तिथे आहे, आणि तो आयांनी ऐकावा असा आहे. टॉन्सिल वाढून घोरणाऱ्या ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं आणि निम्म्यांना लक्ष ठेवून थांबवलं. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी १०० तल्या ७९ मुलांची झोपेची तपासणी ठीक आली, थांबवलेल्यांपैकी ४६ जणांची. लक्ष लागण्याच्या परीक्षेत मोठा फरक पडला नाही, पण वागणं आणि रोजचा त्रास यात ऑपरेशनवाली मुलं बरी निघाली. म्हणजे घोरणाऱ्या प्रत्येक पोराला लगेच ऑपरेशनला न्यायचं असं नाही, आणि ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून सोडूनही द्यायचं नाही.

उपचाराचंही एक कोडं असंच सुटत आलं. या आजारावर नाकाला मास्क लावून हवेचा दाब देणारं मशीन वापरतात, त्याला सीपॅप म्हणतात. ज्यांना आधीच हृदयाचा किंवा पक्षाघाताचा त्रास आहे अशा २,७१७ लोकांवर त्याची मोठी परीक्षा झाली. २०१६ मध्ये निकाल आला: मशीनमुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. पुष्कळ लोक निराश झाले. पण त्या लोकांनी मशीन वापरलं होतं रात्री सरासरी ३.३ तास. मग अशा तीन परीक्षांतल्या ४,१८६ माणसांच्या नोंदी, एकेका माणसाच्या, एकत्र केल्या. २०२३ मध्ये दिसलं की जे रोज ४ तास किंवा जास्त मशीन लावत होते त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी होतं. इथेही डोळे उघडे ठेवायचे. जो माणूस रोज मशीन लावतो तो गोळ्याही वेळेवर घेत असेल, पथ्यही पाळत असेल. मग गुण मशीनचा किती आणि शिस्तीचा किती? नोंदी एकत्र आल्या म्हणजे सत्य आपोआप हातात पडतं असं नाही. आणि या परीक्षांमध्येही दर पाच जणांत चार पुरुषच होते. (शिवाय आमच्याकडे रात्री लाईट गेली की मशीन बंद. तो अभ्यास कोणी करत असेल तर आमचा प्रभाग तयार आहे.)

आता दुसरी बाजू. वहीत ज्यांचं नाव नाही त्यांच्याबद्दल वही बोलत नाही. जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये थॉमस पेन्झेल यांच्या चमूने जमवलेल्या ७० रात्रींचा एक छोटा साठा २००० साली सगळ्यांसाठी खुला केला. आव्हान असं होतं की नुसत्या ईसीजीवरून झोपेत श्वास थांबतो का, ते संगणकाने ओळखून दाखवा. जगभरच्या लोकांनी भाग घेतला, काहींनी फार छान ओळखलं, आणि आजपर्यंत अनेक संगणकी पद्धती याच साठ्यावर तयार होतात. ती माणसं ३२, त्यात बायका ७. आयर्लंडमधल्या डब्लिनचा असाच एक साठा आहे, २५ माणसांचा. त्यात बायका ४. सात आणि चार, अकरा बायका. एका बचत गटाएवढ्या. त्यांच्यावरून शिकलेलं यंत्र उद्या घड्याळात बसून आपल्या मनगटावर आलं, तर आपली झोप त्याला कितपत कळेल, हा प्रश्न आहे.

बोटाच्या ऑक्सिमीटरचंही तेच. २०२० मध्ये अमेरिकेतल्या अनेक इस्पितळांच्या एकत्र नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवतो आणि रक्तात मात्र ऑक्सिजन धोक्याइतका कमी असतो, असं काळ्या रुग्णांत गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा घडतं. ते रुग्ण इस्पितळात दाखल झालेले होते, झोपेच्या तपासणीतले नव्हते. पण झोपेच्या तपासणीतही भरवसा त्याच चिमट्यावर असतो, आणि रानात उन्हातान्हात काम करणाऱ्या आपल्या सावळ्या हातांसाठी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. हा दोष पकडला तोही एकत्र ठेवलेल्या नोंदींनीच, हे विसरू नये.

भारतात काय? मुंबईत डॉक्टर झरीर उदवाडिया यांच्या चमूने २००४ मध्ये छापलेला अभ्यास आपल्याकडच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या कामांपैकी आहे. नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेले ३५ ते ६५ वयाचे ६५८ जण, सगळे शहरी पुरुष. त्यांच्यात दिवसा झोप येण्याच्या त्रासासह हा आजार १०० पैकी साडेसात जणांना असल्याचा अंदाज निघाला. बायका त्या अभ्यासात नव्हत्याच. नंतर दिल्लीत आणि इतरत्र अभ्यास झाले, त्यांत बायका आल्या. २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी देशातले असे अभ्यास गोळा करून एकत्र हिशेब केला: मोठ्या माणसांत सुमारे ११ टक्के, पुरुषांत १३ आणि बायकांत ५. देशभरात सुमारे १० कोटी ४० लाख लोक.

बायकांचे ते ५ टक्के ऐकून आमच्या मनात विस्कॉन्सिनची आठवण येते. तिथेही आधी बायका कमीच दिसत होत्या. आपल्याकडे आजार खरंच कमी आहे की मोजणी कमी आहे, हे गावातल्या बायकांच्या रात्री मोजल्याशिवाय कोण सांगणार?

म्हणून नोंद द्यावी का, हा प्रश्न येतो. आमच्या प्रभागातल्या एका मावशींचं नुकतंच निदान झालं. तपासणीच्या आधी त्यांच्यापुढे एक कागद आला: तुमची माहिती नाव काढून संशोधनासाठी वापरली जाऊ शकते, इथे सही करा. मावशींनी सही केली नाही, कागद घरी आणला. “कर्जाच्या कागदावर तूच सांगतेस ना, वाचल्याबिगर अंगठा नाही,” असं म्हणून तो आमच्यापुढे ठेवला.

आम्ही तो वाचला, आणि तालुक्याच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडून समजूनही घेतला. नाव काढणं म्हणजे नाव, पत्ता, फोन, आधार, जन्मतारीख काढून एक क्रमांक देणं. पण मैत्रिणींनो, छोट्या गावात नाव काढून पुरत नाही. ‘५२ वर्षांची, विधवा, अमुक गाव, अंगणवाडी सेविका’ असं लिहिलं तर गावातलं शेंबडं पोरही सांगेल ती कोण. म्हणून गाव आणि तारखाही झाकाव्या लागतात, आणि चांगल्या साठ्यात त्या झाकतात. विचारायचे प्रश्न हे: माहिती कोणाकडे जाणार, औषध कंपनी किंवा विमा कंपनीकडे जाईल का? नंतर नको म्हटलं तर काढून घेता येईल का? सही नाही केली तर उपचारात फरक पडेल का? आणि संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी आहे का? आयसीएमआरने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा संशोधनाला समितीची परवानगी लागते, आणि सही न केल्याबद्दल कोणाचा उपचार अडवता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही आहे. त्यात संशोधनाला काही सूट आहे, पण त्या माहितीवरून त्या एका माणसाबद्दल काही निर्णय घ्यायचा नाही, ही अट आहे. तुमचं ‘आभा’ कार्ड, म्हणजे १४ आकडी आरोग्य क्रमांक, काढलं असेल तर त्यावरच्या नोंदी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायलाही तुमची संमती लागते. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही वाचून दाखवायचा नाही, हे बँकेइतकंच इथेही खरं.

आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांचंही ऐकलं जातं, याचं उदाहरण त्या मोठ्या अभ्यासातच आहे. ६,४४१ लोकांपैकी खुल्या साठ्यात ५,८०४ जणांच्याच रात्री आहेत. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींचे लोक त्या अभ्यासात होते, पण आपल्या माणसांच्या माहितीवर जमातीचा हक्क आहे, या कारणाने त्यांच्या नोंदी साठ्यात ठेवलेल्या नाहीत. त्यांनी अभ्यासाला मदत केली, वही मात्र स्वतःकडे ठेवली. आम्हाला हे फार पटलं.

मावशींच्या कागदात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नव्हती. त्या परत गेल्या, विचारून आल्या, समोरच्यांनी दोन ओळी लिहून दिल्या, मग सही झाली. त्या आता मशीन लावतात. पहिला आठवडा मास्कने जीव गुदमरतो म्हणाल्या, मग सवय झाली.

तुम्हाला शंका असेल तर काय करायचं, ते सांगतो. दवाखान्यात आठ प्रश्नांची एक यादी विचारतात: घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला का, बीपी आहे का, वजन, वय, गळ्याचा घेर, आणि आठवा प्रश्न, पुरुष आहात का. पुरुष असण्याचा एक गुण आहे. म्हणजे बाईचा एक गुण सुरुवातीलाच कमी. तीन गुणांपासून धोका धरतात, तेव्हा तुमचे दोन आले आणि त्रास मात्र रोजचा असला, तर दोनवर समाधान मानू नका. पंधरा दिवस एका वहीत लिहा: किती वाजता झोपलात, रात्री किती वेळा उठलात, लघवीला किती वेळा, सकाळी डोकं दुखलं का, दिवसा कुठे डुलकी लागली. शेजारी झोपणाऱ्या लेकीला किंवा सासूबाईंना सांगा, श्वास थांबतो का बघ म्हणावं. मोबाईलवर आवाज भरून ठेवता आला तर उत्तम. ती वही आणि बीपीचा केसपेपर घेऊन ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात छातीच्या नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तपासणी झाली की रिपोर्टची पूर्ण प्रत मागून घ्या, नुसत्या शेवटच्या पानावर भागवू नका.